पाठमोरीची हजेरी

१

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला निम्मं नाशिक मिसळ खायला गंगापूर रोडने निघालेलं असायचं, आणि त्याच रस्त्यावरच्या एका छोट्या खासगी कलासंग्रहालयात साधना खैरनार संगणकासमोर बसून लोकांना दार उघडत असायची. दार पडद्यावरचं. खरं दार सांभाळायला वॉचमन रावजी होते, आणि त्या दारातून रविवारी फार तर दहा माणसं यायची. पडद्यावरच्या दारातून मात्र अडीचशे यायची. पुण्याची, ठाण्याची, मुला-सुनेकडे कॅनडाला जाऊन कंटाळलेली. ‘रविवारी एक चित्र’ या ऑनलाइन कार्यक्रमाला ती सगळी आधी वेटिंग रूममध्ये ताटकळायची, मग साधना बटण दाबून एकेकाला आत घ्यायची.

आत हर्षाली असायची.

हर्षाली बोरस्ते, वय सव्वीस, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदारांची मुलगी, बडोद्याला शिकून आलेली. दालन तीनमध्ये स्टँडवर मोबाइल लावून, चित्राकडे पाठ करून ती उभी राहायची आणि गोड हसून म्हणायची, “नमस्कार मंडळी, आज आपण कुणाला भेटणार?” झालं. पडद्यावर लाल बदामांचा पाऊस.

साधना या संग्रहालयात अठरा वर्षं माहिती सांगत होती. शाळांच्या सहली, रोटरीवाल्या बायका, पावसात अडकून आत शिरलेली जोडपी, सगळ्यांना तिने ही चित्रं दाखवली होती. हर्षाली आली तेव्हा वही घेऊन पंधरा दिवस तिच्या मागे मागे फिरली, सगळं उतरवून घेतलं, आणि आता तेच घडाघडा बोलत होती. आयत्या पिठावर रेघोट्या. आणि साधनाकडे काय आलं, तर बटण. तिच्या पोटात दुखायचं, आणि ते ती स्वतःशी कबूलही करायची. खोटं कशाला बोला?

२

त्या महिन्यात पाचही रविवार एकाच चित्राला द्यायचे ठरले होते. चित्राचं नाव ‘पाठमोरी’. तैलरंगातली एक बाई बुटक्या पाटावर बसलेली, पोपटी लुगडं, मानेवर अंबाडा, शेजारी टोपलीत अबोलीची फुलं. चेहरा नाहीच. कानसुद्धा दिसत नाही, हे साधना प्रत्येक सहलीला सांगायची आणि मुलं वाकून वाकून बघायची.

या चित्राचा एक शोध साधनाचा स्वतःचा होता. तिचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवाल्यांचं. तिची आई सिंधुबाई गजरे बांधताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची. तसं केलं की उजवा खांदा किंचित खाली जातो. चित्रातल्या बाईचा खांदा तसाच उतरलेला होता. म्हणजे चित्रात न दिसणारा दोरा, न दिसणारा अंगठा साधनाने केवळ आईच्या खांद्यावरून ओळखला होता. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पहिल्या रविवारी हर्षालीने तो खांदा दाखवला आणि म्हणाली, “माझी आजी अगदी अशीच बसायची हो. अंगठ्याला दोरा बांधून.”

ऑफिसात साधनाच्या अंगाचा तिळपापड झाला. द्राक्षवाल्यांच्या घरात कसले गजरे? आज शोध चोरला, वर आईसुद्धा चोरली!

त्या रागाच्या भरात ती उशिरा आलेल्यांना न बघता आत घेत होती. तशी हर्षालीचीच सूचना होती: नावं वाचत बसू नका ताई, लोक कंटाळून निघून जातात. पाच-सहा नावं तिने धडाधड आत घेतली, आणि त्यांतलं एक आत गेल्यावर तिला वाचता आलं.

‘दालन ३’.

तिने ती चौकट मोठी केली. चौकटीत दालन तीन दिसत होतं. डाव्या हाताला लाल अग्निशामक, समोर दार, दाराशी स्टँडवरचा मोबाइल, आणि त्याच्याकडे तोंड करून बोलणारी हर्षाली. पण पाठमोरी. वरून, भिंतीवरून पाहावं तशी.

दालनात दुसरा कॅमेरा नव्हता.

३

साधना काही भुताखेतांवर भरवसा ठेवणारी नव्हती. तिने सोमवारी दीपकला विचारलं. संग्रहालयाचे संगणक, तारा, मोबाइल सगळं तोच बघायचा.

“दालन तीनच्या नावाचा टॅब होता ना रे आपला?”

“होता. बॅटरी फुगली म्हणून काढला. स्टोअरमध्ये पडलाय, चालू होणार नाही तो आता,” दीपक म्हणाला. “का?”

“त्या नावाने कोणीतरी आलं होतं.”

“ताई, नाव काय, कोणी काहीही टाकतं. मी उद्या पंतप्रधान म्हणून येईन. तुम्ही घ्याल आत?”

“आणि चित्र? दालन दिसत होतं त्यात.”

“जुना व्हिडिओ लावला असेल मागे. पोरं करतात असली मजा.”

पटण्यासारखं होतं. पण जुन्या व्हिडिओत त्याच दिवशीचा निळा कुर्ता घातलेली हर्षाली कशी असेल, हा प्रश्न तिला जिना उतरताना पडला, आणि परत वर जाऊन विचारायची तिला लाज वाटली.

दुपारी दालनात कोणी नव्हतं. तिने स्टूल आणलं, ‘पाठमोरी’च्या पुढ्यात ठेवलं, त्यावर चढली आणि चित्राला जवळजवळ पाठ टेकवून मोबाइल समोर धरला. डावीकडे अग्निशामक. समोर दार. तंतोतंत. कॅमेरा असलाच तर चित्रात होता. मग तिने चित्र भिंतीपासून हलकेच सोडवून मागे पाहिलं. दोन खिळे, चुन्याची भिंत, एक पालीचं वाळकं अंडं.

स्टुलावरून उतरताना तिच्या मनात भीती नव्हती, हे सांगायलाच हवं. होता तो हेवा. इथून, या जागेवरून, कोणीतरी तासभर हर्षालीकडे टक लावून बघत होतं. अठरा वर्षं ती स्वतः याच ठिकाणी उभी राहून घसा कोरडा करत आली होती. तेव्हा कोणी बघितलं होतं?

४

दुसऱ्या रविवारी ‘दालन ३’ वेळेवर हजर होतं. साधनाने या खेपेला नाव वाचलं, आणि वाचूनही आत घेतलं.

दृश्य बदललं होतं. ते आता भिंतीवरून नव्हतं, फरशीवरून होतं. चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, हर्षालीच्या मागे चारेक हातांवरून. शेजारच्या चौकटीत मोबाइलचं दृश्य होतं: हसणारी हर्षाली, तिच्या मागे भिंतीवर चित्र, आणि मधली फरशी स्वच्छ, रिकामी. साधना आळीपाळीने दोन्ही चौकटी बघत राहिली. एकीत मागे कोणी नव्हतं. दुसरी मागूनच बघत होती.

तेवढ्यात ‘दालन ३’च्या कोपऱ्यात पिवळा हात उगवला. प्रश्न विचारायचा असला की लोक तो बटण दाबून वर करतात. मग साधनाने त्यांचा माइक सुरू करायचा, अशी पद्धत.

“ताई, कोणाचा प्रश्न आहे का?” हर्षालीने मोबाइलकडे बघत विचारलं.

“नाही,” साधना म्हणाली, आणि तो हात खाली केला. विचारायचं असेल ते हिलाच विचारणार ना? नकोच.

हात पुन्हा वर आला. तिने पुन्हा खाली केला. असं तासात अकरा वेळा झालं.

त्याच आठवड्यात ट्रस्टच्या विमलाबाईंनी तिला घरी बोलावलं. बाई ऐंशीच्या, पण कार्यक्रम चुकवत नसत. चहा झाल्यावर म्हणाल्या, “साधना, पुढच्या महिन्यापासून तू स्टोअरची यादी करायला घे. वर्षानुवर्षं पडलंय ते काम. माहिती सांगायला आता हर्षालीच राहू दे, दालनातही. लोकांना तरुण चेहरा लागतो गं.”

“बाई, अठरा वर्षं...”

“म्हणून तर यादी तुझ्याकडे देतेय. तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

स्टोअर म्हणजे तळघरातली ट्यूबलाइट आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथे माणूस फिरकत नाही. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, असं पुटपुटत साधना रिक्षात बसली. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

५

तिसऱ्या रविवारनंतर हर्षाली ऑफिसात आली. तोंड उतरलेलं.

“साधनाताई, एक विचारू? हसू नका हं. बोलताना माझ्या मागे कोणीतरी उभं असतं, असं वाटतं. मानेवर गार लागतं. तुम्हाला इथे पडद्यावर काही दिसतं का?”

त्या दिवशीची चौकट साधनाच्या डोळ्यांपुढे आली. हर्षालीची पाठ कमरेपासून वर, एका हाताच्या अंतरावर. वेणीचा प्रत्येक पेड दिसत होता.

सांगावं असं तिच्या मनात खरंच आलं. ही पोर कालपरवाची. आईबापांची लाडकी. सांगितलं तर कार्यक्रम बंद होईल, हिची सुटका होईल. पण लगेच दुसरं मन म्हणालं, हिला सगळं मिळालं. माझे शब्द, माझी आई, दालन, अडीचशे माणसं. आणि भिंतीवरची ती कोण आहे तीसुद्धा उतरून हिच्याकडेच चालली. माझ्यासाठी कधी पापणी हलवली नाही तिने.

“काही नाही गं,” साधना म्हणाली. “एसीखाली उभी राहतेस. स्कार्फ बांध.”

“हो, तेच असेल,” हर्षाली म्हणाली आणि एवढ्याशा दिलाशाने तिचा चेहरा खुलला. “तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं ताई.”

चौथ्या रविवारी हर्षालीने स्कार्फ बांधला होता. ‘दालन ३’च्या चौकटीत त्या स्कार्फशिवाय काही दिसत नव्हतं. त्याचं विणकाम दिसत होतं, त्यातला सुटलेला एक धागा दिसत होता. मग तो स्कार्फ बाजूला सरकला. हर्षालीचे दोन्ही हात समोरच्या चौकटीत दिसत होते, ते पुढे जुळलेले होते.

हर्षाली वाक्याच्या मध्येच थांबली. अडीचशे लोकांसमोर ती हळूहळू मागे वळली, मोबाइलकडे पाठ केली, आणि तशीच उभी राहिली. लोकांना वाटलं चित्र दाखवतेय. चार मिनिटं झाल्यावर साधनाने कार्यक्रम बंद केला आणि दालनात धावली. रावजींनी आधीच हर्षालीला खुर्चीवर बसवलं होतं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

“मी सरळ बसवलं व्हतं ताई,” रावजी म्हणाले. “तिनंच फिरवून घेतली.”

६

गुरुवारी साधनाने पिंपळगावला फोन लावला. हर्षालीच्या आईने उचलला.

“काय सांगू बाई. भिंतीकडं तोंड करून बसलीय. लय हाका मारल्या, वळतच नाय. डॉक्टर म्हणतो कामाचा ताण हाय, गोळ्या दिल्यात.”

“जेवते का?”

“भरवलं तर जेवती. आन् एक नवीनच खूळ. पायाच्या अंगठ्याला दोरा बांधती आन् दिवसभर नुसत्या गाठी मारती. फुलं नाय, काय नाय. आमच्यात कोणी कधी गजरे केले नाय ओ, आम्ही द्राक्षावाले. हे कुठून शिकली?”

साधनाने फोन ठेवला. तिला घाम फुटला होता, हे खरं. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या क्षणाला, जे मनात आलं ते असं: ते माझ्या आईचं होतं. शिकवायचं होतं तर मला शिकवायचं.

आपल्या मनाची तिला किळस आली. तिने देवापुढे दिवा लावला, हर्षालीसाठी हात जोडले. संध्याकाळी विमलाबाईंचा फोन आला, “रविवारी कार्यक्रम तूच कर बाई, दुसरं कोण आहे?” आणि साधना लगेच हो म्हणाली.

७

पाचव्या रविवारी ती मोरपंखी इरकल नेसून दहा वाजताच आली. दीपकने स्टँडवर मोबाइल लावून दिला, त्याच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, कारण बटणं दाबायलाही आता तीच होती. “सगळ्यांना एकदम आत घ्या, एकच बटण आहे,” असं सांगून तो मिसळ खायला गेला.

साधना चित्रासमोर उभी राहिली. आणि तिला कान दिसला.

डावा कान. त्यात मोत्यांची कुडी, खाली जबड्याची बारीक रेघ. रंग जुना, भेगाळलेला, बाकी चित्रासारखाच. तिने चष्मा पुसला. कान होताच.

“रावजी, हिचा कान आधी दिसायचा का हो?”

रावजी दारातूनच म्हणाले, “मी चित्राकडं कधी बघत नाय ताई. माझं काम माणसांकडं बघायचं.”

ऑफिसात छापील सूची होती. त्यात चित्राचा फोटो होता. दोन मिनिटांचं काम. पण घड्याळात अकराला पाच कमी होते, आणि वेटिंग रूममध्ये दोनशे चाळीस माणसं थांबली होती. सूचीत कान नसला तर कार्यक्रम करता येणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. ती सूची बघायला गेली नाही. तिने पदर सारखा केला, चित्राकडे पाठ केली आणि बटण दाबलं.

“नमस्कार. मी साधना खैरनार.”

८

पहिला शेरा आला: ‘हर्षाली मॅडम कुठे आहेत?’

दुसरा: ‘आज मॅडम नाहीत का?’

साधनाने हसून सांगितलं की मॅडमना बरं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हजेरीचा आकडा होता, दोनशे एकेचाळीस. तो दोनशे दहा झाला. ती भरभर बोलू लागली. लुगड्याचा पोपटी रंग, टोपलीची वीण, प्रकाश कुठून येतो ते. एकशे साठ. मग तिने राखून ठेवलेलं काढलं. खांदा दाखवला, अंगठा सांगितला, आईचं नाव घेतलं. “माझी आई सिंधुबाई,” म्हणताना तिचा आवाज भरून आला. इतकं मनापासून ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

कॅनडाहून कोणीतरी लिहिलं: ‘हे तर हर्षाली मॅडमनी सांगितलंय. त्यांच्या आजीचं.’

नव्वद. एकेचाळीस. चौकटी विझत होत्या, घरोघरी लोक उठून कामाला लागत होते. विमलाबाईंची चौकटही गेली. बारा. पाच. बोलता बोलता साधनाला दिसलं की पडद्यावर आता दोनच चौकटी आहेत. एक तिची. दुसरी ‘दालन ३’.

तिच्यात ती स्वतः होती. पाठमोरी, लांब, उंचावरून, भिंतीवरून पाहावं तशी. म्हणजे चित्रातली ती जागची हललीही नव्हती. हर्षालीच्या मानेपर्यंत गेली होती, आणि हिच्यासाठी खाली उतरायचेही कष्ट घेतले नव्हते. कोपऱ्यात पिवळा हात मात्र वर होता.

साधनाचं बोट लाल बटणाकडे गेलं. ते दाबलं की संपलं. घरी जायचं, सोमवारपासून तळघरात यादी करायची, जिवंत राहायचं. पिंपळगावच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसलेली पोर तिच्या डोळ्यांपुढे होती. तिला सगळं कळत होतं.

तेवढ्यात पिवळा हात आपोआप खाली गेला. चौकट थरथरली, काळी पडू लागली. शेवटचं माणूस उठून जातं तशी.

“थांबा,” साधना म्हणाली.

चौकट तशीच अर्धी काळी राहिली.

“जाऊ नका. मी सांगते ना. तिला काय माहीत होतं? सगळं माझंच ऐकून बोलत होती. मला विचारा.” तिने माइकचं बटण दाबलं. “बोला.”

लॅपटॉपमधून दालनाचाच आवाज आला, एसीची घरघर, आणि त्या घरघरीत ओल्या दोऱ्याला गाठ ओढल्यासारखा बारीकसा आवाज. चौकट उजळली. दृश्य खाली उतरलं, फरशीवर आलं. अग्निशामक बाजूला सरकला. मोरपंखी पाठ मोठी होऊ लागली.

दुसऱ्या चौकटीत, समोरून, साधनाला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि खांद्यामागे भिंतीवरचं चित्र. कानापुढचा गाल आता दिसत होता, गालापुढे डोळ्याचा कोपरा. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

मानेवर गार लागलं. अंबाड्याजवळचे, मेंदी लावताना राहून गेलेले पांढरे केस तिला पडद्यावर एकेक दिसले. तिच्याकडे इतकं निरखून कोणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. तिची छाती अभिमानाने भरून आली होती.

“या, अशा पुढे या,” साधना म्हणाली, अठरा वर्षं सहलीतल्या मुलांना म्हणायची त्याच आवाजात. “तिथून नीट दिसणार नाही.”